अठ्ठावीस सायकली आणि सासूबाईंची अळंबी

गुपित सांभाळावं तर मीच! आमच्या गावात लोकवस्ती सहाशे बारा, बेकरी एक आणि सायकल क्लब एक. या सगळ्यांत माझ्याइतकं पोटात ठेवणारा माणूस दुसरा नाही. हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो, म्हणून खात्रीने सांगतो.

तर सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लावून घेतलं आणि रेडिओ मोठा केला.

"जावईबापू, माझा गुडघा गेला."

"अरेरे! डॉक्टरांना दाखवू या का?"

"डॉक्टर गेला खड्ड्यात! पुढच्या रविवारी मी ऐंशीची होतेय. चौदा माणसं जेवायला. सेप कोण आणणार?"

माझ्या अंगावर काटाच आला! सेप म्हणजे आमच्या ओकच्या जंगलातली अळंबी. तपकिरी टोपी, गुबगुबीत देठ, आणि लोण्यात लसूण घालून परतली की शेजारचं कुत्रंसुद्धा दाराशी येऊन बसतं. ती कुठे उगवते हे ज्याचं त्याला माहीत असतं, आणि इथला माणूस एक वेळ घराची किल्ली देईल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. सोलांज सासूबाईंना त्यांची जागा त्यांच्या आजीकडून मिळालेली. पोटच्या पोरीला, म्हणजे माझ्या बायकोला, कोरिनला, त्या जागेचा पत्ता नाही. मी एकोणीस वर्षं जावई आहे, आणि एकोणीस वर्षांत मला फक्त आमलेट मिळालं होतं.

"लिहून घेऊ का?" मी खिसे चाचपले.

"लिहून? बावळट का काय? ऐका! पडक्या मठाच्या पुढे तिसरी वाट. वीज पडलेला ओक दिसेल. तिथून डावीकडे नेच्यांत चाळीस पावलं. माझी पावलं, तुमच्या ढांगा नव्हेत!"

"आणि चुकून कुणाला कळलं तर?"

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "तर रविवारी तेरा ताटांत सेप आणि तुमच्या ताटात उकडलेला फ्लॉवर. आणि त्यानंतर दर रविवारी. मी मरेपर्यंत. आमच्या घराण्यात कुणी शंभरीच्या आत गेलेलं नाही."

मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. खरं सांगायचं तर डोळे भरून आले होते. एकोणीस वर्षांनी या घरात मी कुणीतरी झालो होतो!

आता आपली अक्कल बघा. जंगलाच्या कडेला गाडी उभी दिसली की दहा मिनिटांत तिच्यामागे आणखी तीन गाड्या लागतात, टोपल्या घेऊन माणसं उतरतात आणि "हवा खायला आलो" म्हणतात. पण सायकलवाला? घट्ट चड्डी घातलेल्या, घामेजलेल्या माणसाच्या मागे कोण लागणार? मी क्लबचा खजिनदार, दर रविवारी साठ किलोमीटर मारतो. कुणाला संशयच नको!

दोनच दिवसांनी, रविवारी सकाळी, आधी टेहळणीला म्हणून निघालो. काय ती सकाळ! राजाच्या जहाजांसाठी म्हणून लावलेले ते जुने ओक, खाली सरळसोट रिकामा रस्ता, तळ्यावर धुकं, आणि चाकांची तेवढी सळसळ. मला तर गावंसं वाटत होतं! पाठलाग होत असेल तर चकवायला हवं, म्हणून मी एका बुरुजाच्या किल्ल्यापाशी थांबलो, झऱ्यावरच्या चॅपेलला वळसा घातला, पडक्या मठाच्या कमानीखाली उभं राहून विचारवंतासारखं वर बघितलं. माझा पाठलाग एका बदकानेही केला नाही.

तिसरी वाट. वीज पडलेला ओक. सायकल नेच्यांत आडवी केली आणि सासूबाईंसारखी दुडदुडत चाळीस पावलं मोजली. आणि बघतो तर, अहाहा! बाटलीच्या बुचाएवढे सेप! एक, दोन, दहा, वीस! पार झाडाखाली, बुंध्याआड, शेवाळात! तासभर गोल गोल फिरून मोजले. त्रेसष्ट! अजून लहान होते, आठवडाभरात मुठीएवढे झाले असते. मी एकेकाला पाल्याची गोधडी पांघरवली आणि हलक्या पावलांनी मागे फिरलो.

घरी येऊन सासूबाईंना फोनवर एवढंच म्हणालो, "बाळं झोपली आहेत."

"शाबास," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

संध्याकाळी मोबाइल उघडला आणि उडालोच. आमच्या सायकलवाल्यांचं एक ॲप आहे. आपण किती चालवली हे त्यात दिसतं आणि आवडलं तर लोक अंगठा देतात. मला एरवी तीन अंगठे मिळतात. एक कोरिनचा, एक क्लबच्या अध्यक्षांचा कर्तव्य म्हणून आणि एक कुण्या पोर्तुगीज दंतवैद्याचा, तो का देतो ते ठाऊक नाही. त्या दिवशी सत्तेचाळीस होते! सत्तेचाळीस!

"कोरिन! अगं, बघ! शेवटी लोकांना माझी चाल कळली!"

"कसली चाल? तुझा वेग तर एकोणीसचा दिसतोय," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

खाली प्रतिक्रियांचा पाऊस. "काय सुंदर मार्ग!" "वा, तासभर विश्रांती! जागा निवांत दिसते!" आमच्या औषधाच्या दुकानातल्या मारिव्होनबाईंनी विचारलं होतं, "रस्त्यापासून लांब आहे का हो?" मला एवढा आनंद झाला की मी प्रत्येकाला उत्तर दिलं. "मुळीच लांब नाही! जरूर थांबा! मन प्रसन्न होतं!"

नऊ वाजता रेजिसचा फोन. रेजिस म्हणजे आमचा अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. हा माणूस हसतो तेव्हाही शिस्तीत हसतो.

"मित्रा, येत्या रविवारी अख्खा क्लब तुझ्या मार्गाने जाणार. तू पुढे."

"मी? पुढे?"

"तूच! फक्त मार्ग तोच हवा. एक इंचही इकडेतिकडे नको."

आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, आता तरी कळायला नको का? पण मला वेगळंच सुचलं होतं. गर्दीसारखा आडोसा नाही! मठापाशी सगळे जुने दगड बघत बसतील, मी "जरा जाऊन येतो" म्हणून करंगळी दाखवीन, दहा मिनिटांत त्रेसष्ट सेप पिशवीत! आठवडाभर मी या योजनेवर इतका खूश होतो की झोपेतही हसत होतो, असं कोरिन म्हणते.

रविवारी चौकात पोचलो आणि थक्क झालो. एरवी आठ जण येतात, आज मला धरून अठ्ठावीस! आणि पिसासारख्या हलक्या, महागड्या सायकलींना पुढे वेताच्या टोपल्या!

"हे काय?" मी विचारलं.

"सहलीचं खाणं," रेजिस म्हणाला. त्याच्या टोपलीत खाणं नव्हतं. एक सुरी होती, वाकड्या पात्याची, मागे माती झटकायचा ब्रश असलेली.

तरीही मी निघालो! मागे सत्तावीस सायकली, पुढे मी. राजासारखं वाटत होतं. किल्ल्यापाशी हात वर केला, "मंडळी, हा बुरुज!"

"पाहिलाय!" सत्तावीस आवाज आले.

चॅपेलपाशी म्हटलं, "या झऱ्याचं पाणी..."

"प्यायलोय! चल पुढे!"

मठ दिसला. मी ब्रेक लावला आणि म्हणालो, "इथे अर्धा तास थांबू. या कमानी नऊशे वर्षं..."

"नऊशे वर्षं उभ्या आहेत ना? मग दुपारपर्यंत पडत नाहीत," मारिव्होनबाई म्हणाल्या आणि सूं करून पुढे गेल्या. रेजिस माझ्या शेजारी आला तेव्हा त्याच्या हँडलवरचं ते चिमुकलं यंत्र मला दिसलं. त्यावर माझा गेल्या रविवारचा मार्ग होता. छान सरळ रेघ, मठ, तिसरी वाट, आणि तिथे मांजराने लोकरीच्या गुंड्याशी खेळावं तसा गुंताच गुंता. एका तासाचा. झाडन् झाड दाखवणारा!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझंही यंत्र तसलंच, फक्त मनगटावर बांधायचं, घरात शिरलं की आपलं आपणच सगळं ॲपवर चढवणारं. मीच ते कौतुकाने घेतलं होतं! तो अख्खा तास मी गावाला नकाशा काढून दिला होता, वर "जरूर थांबा" म्हणून आमंत्रणही! सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि जी टांग मारली म्हणता!

त्या दिवशी मी जशी सायकल चालवली तशी जन्मात कधी चालवली नव्हती. मांड्या पेटल्या, डोळ्यांतून पाणी! आणि माझ्यामागे सत्तावीस जण, सरासरी वय बासष्ट, दात-ओठ खात! गंमत म्हणजे कुणी अळंबीचं नावसुद्धा काढेना. आमच्याकडे ते असभ्य समजतात.

"हवा छान आहे, नाही?" रेजिस धापा टाकत म्हणाला.

"फार छान!" मी ओरडलो आणि मुद्दाम दुसऱ्याच वाटेला वळलो. "इकडून! इकडे राजाची शिकारीची कोठी आहे!"

"तू हो पुढे, आम्ही आलोच!" म्हणत सगळी फौज तिसऱ्या वाटेने गेली. एकही माझ्यामागे आला नाही! वळून परत येईपर्यंत चार मिनिटं गेली.

चार मिनिटं पुष्कळ होतात. वीज पडलेल्या ओकला सायकली टेकवलेल्या, आणि नेच्यांतून घट्ट चड्डीतले सत्तावीस पार्श्वभाग वर आलेले, तळ्यातल्या बदकांसारखे! कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. फक्त सुऱ्यांचा कच् कच् आवाज. मी गुडघ्यांवर बसलो, पाला उपसला. माझ्या हाती एकच सेप लागला, तोही गोगलगायीने अर्धा खाल्लेला.

रेजिसला माझी दया आली. भरलेल्या टोपलीतून त्याने दोन काढले आणि माझ्या हातावर ठेवले. "घे. पण कुठे मिळाले ते विचारू नकोस हं. माझी गुप्त जागा आहे!"

सांगतो, त्याच क्षणी मी त्याला झऱ्यात बुडवणार होतो.

परतीचे तीस किलोमीटर मी मनात कबुलीजबाब घोकत आलो. रडू येत होतं. माझ्या अब्रूचं सोडा, एका म्हातारीने आजीपासून जपलेली गोष्ट मी दोन दिवसांत चव्हाट्यावर मांडली होती. साडेबाराला दारात पोचलो. आत चौदा ताटं मांडलेली. मी डोळे मिटून स्वयंपाकघरात शिरलो.

"सासूबाई, मला माफ करा. सगळं गेलं. अख्ख्या गावाला कळलं. माझ्या त्या यंत्रामुळे... हे अडीच सेप तेवढे..."

"बाजूला व्हा, जळेल," सासूबाई म्हणाल्या.

मी डोळे उघडले. चुलीवर घरातली सगळ्यांत मोठी कढई, तिच्यात लोणी, लसूण, आणि चौदाच काय, चाळीस माणसांना पुरतील एवढे सेप! दाराशी चिखलाचे बूट. गुडघा ठणठणीत, सासूबाई कढईभोवती नाचतच होत्या म्हणा ना!

"हे... हे कुठून?"

"माझ्या जागेवरून. साठ वर्षांत जंगल इतकं मोकळं मिळालं नव्हतं. एक माणूस नाही, एक गाडी नाही! सगळे तुमच्यामागे."

"म्हणजे मला सांगितलेली ती जागा..."

"चांगली आहे की! तुमच्या सासऱ्यांनाही लग्नानंतर तीच सांगितली होती. एकेचाळीस वर्षं बिचारे तिथेच जात, आणि कुणाला न सांगता गेले. तुम्हाला आठ दिवससुद्धा जमलं नाही!"

कोरिन ताट पुसता पुसता हसत होती. मी तिच्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"मला अजून कुठलीच सांगितलेली नाही," ती म्हणाली.

जेवायला मला सेप वाढले. पोटभर वाढले. चव विचारू नका, अपमान गिळूनही मी तीनदा मागून घेतले!

हल्ली दर शनिवारी सासूबाईंचा न चुकता फोन येतो. "जावईबापू, उद्या कुठे थांबणार? नीट तासभर थांबा हं, आणि ते यंत्र चालू ठेवा!" गेल्या रविवारी मी गावापासून वीस किलोमीटरवर एका नुसत्या दगडावर तासभर बसलो. चोपन्न अंगठे आले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं!