आयव्ही थर्केटल यांची हरकत

डन्सहीथ गावापुढचा समुद्र जनतेचा आहे, ही गोष्ट सरकारच्या लक्षात आली तेव्हा समुद्राला तिथे येऊन बराच काळ लोटला होता. परंतु प्रत्येक गोष्ट रीतसर प्रक्रियेनेच व्हावी असं आमच्या देशाचं धोरण असल्यामुळे या विलंबाबद्दल कुणी तक्रार केली नाही. संसदेनं कायदा केला. इंग्लंडच्या किनाऱ्याला लागून एक पायवाट होणार होती आणि तिच्यावरून कुणीही, केव्हाही, फुकट चालू शकणार होतं. या कामासाठी किनारपथ खातं स्थापन झालं. सफोक परगण्याच्या आमच्या टोकापर्यंत पोचायला या खात्याला काही वर्षं लागली. माणसं पायी आली असती तर लवकर आली असती, पण पायवाट नव्हती.

गावानं पायवाटेचं मनापासून स्वागत केलं. आमच्या हेरिंग लेननं तर अंमळ जास्तच. गल्लीतल्या फिलिपा एटवेलनं घरोघर फिरून पाठिंब्याच्या सह्या गोळा केल्या आणि प्रत्येक खिडकीत ‘किनारा सर्वांचा’ असा निळा फलक लावला. आम्ही सगळ्यांनी तत्काळ सही केली. किनाऱ्यावर आमच्यापैकी कुणाचीच जमीन नसल्यामुळे तत्त्वाला चिकटून राहणं आम्हाला अजिबात जड गेलं नाही.

किनाऱ्याची जमीन तिघांची होती. उत्तरेला क्रिस्पिन हॅवरगिल. त्यानं लंडनमध्ये जाहिरातींत पैसा केला आणि आता इथे मौन-निवास चालवत होता. आपल्याशी कुणी बोलू नये म्हणून माणसं त्याला भरपूर पैसे देत. दक्षिणेला कॉलिन गॅरड आणि त्याची उघड्या रानात वाढणारी डुकरं. आणि दोघांच्या मध्ये, आमच्या गल्लीच्या शेवटी, आयव्ही थर्केटल यांचं छोटं घर. घरामागे बाग आणि बाग संपली की गोटे, गोटे संपले की समुद्र.

खात्याचे अधिकारी डेस्मंड पिकर्सगिल तिघांना भेटायला आले. या नोकरीत त्यांच्या अंगावर दोन वेळा कुत्री आणि एकदा हंस सोडण्यात आले होते. त्यामुळे आयव्हीबाईंचं फाटक त्यांनी अर्धंच उघडलं आणि बाहेरूनच बोलायला सुरुवात केली.

“मिसेस थर्केटल, काळजी करू नका. पायवाट तुमच्या बागेतून जाणार नाही. कायद्यानं बागा वगळल्यात. ती घराच्या अलीकडनं वळेल.”

“का रे बाळा? माझ्या बागेनं काय घोडं मारलंय?”

“नाही, म्हणजे... तुमचा खाजगीपणा जपायला.”

“तो आहे की भरपूर. वॉल्टर गेल्यापासून दुसरं आहेच काय घरात? बस होती तोवर निदान थांब्यावर चार माणसं दिसायची. आता पोस्टमनसुद्धा गाडीतनंच हात बाहेर काढतो, पेटीत टाकतो नि पळतो. इथनंच ने तुझी वाट. घेवड्याचा मांडव नि कपड्यांची दोरी, ह्यांच्या मधनं नीट बसेल. दोरी मी वर बांधते.”

पिकर्सगिलसाहेब गोंधळले. जमीनमालकाला शांत कसं करावं याचं त्यांनी प्रशिक्षण घेतलं होतं. शांत असलेल्या मालकाचं काय करायचं, हे त्या प्रशिक्षणात नव्हतं.

“म्हणजे तुमची हरकत नाही?”

“नाही बाई. कसली हरकत?”

“मग अडचण आहे,” ते म्हणाले. “हरकत असती तर मला ती पुढे पाठवता आली असती. हरकत नसल्याचं कुठे पाठवायचं, ते मला विचारावं लागेल.”

त्यांनी विचारलं. वरून उत्तर आलं, की हरकत नसणं ही सदर कायद्याच्या दृष्टीनं घटनाच नव्हे. आयव्हीबाईंचं म्हणणं पाठिंब्याच्या ढिगात गेलं, आणि त्या संपूर्ण ढिगाचा गोषवारा ‘काही नागरिक अनुकूल आहेत’ असा करण्यात आला. आमच्या सगळ्या सह्या त्या ‘काही’मध्ये होत्या.

बाकीच्या दोघांनी मात्र घटना घडवून आणल्या. क्रिस्पिन हॅवरगिलचं म्हणणं असं, की गोट्यांवरून माणसं चालली की आवाज होतो आणि त्यामुळे त्याच्या पाहुण्यांनी विकत घेतलेली शांतता सदोष ठरते. त्याच्या वकिलांनी हेच चाळीस पानांत मांडलं. गॅरडनं वकील केला नाही. त्यानं फोनवर सांगितलं, “माझ्या माद्यांना परक्या माणसानं बघितलेलं खपत नाही. लाजतात त्या. पिल्लं होईनाशी होतात. तुमच्या मंत्र्याला म्हणावं, तू पिल्लं घालून दे.”

हरकत आली की सरकारला तटस्थ निरीक्षक पाठवावा लागतो. त्याप्रमाणे मिस ऑड्रे फॅनशॉ आल्या. क्रिस्पिनच्या मौन-निवासात नियम सर्वांना सारखा असल्यामुळे तिथली सुनावणी पूर्ण शांततेत पार पडली. मिस फॅनशॉ तासभर एका चटईवर बसल्या आणि आपल्याला त्याचा मुद्दा पटला असं त्यांनी मान हलवून सांगितलं. मग त्या गॅरडच्या डुकरिणी बघायला गेल्या. डुकरिणी खरोखरच तोंड फिरवून उभ्या राहिल्या. खाद्याचं घमेलं पलीकडे ठेवलेलं होतं, पण निरीक्षकांनी निरीक्षण करायचं असतं, कारणं शोधायची नसतात.

निरीक्षकांची हिरवी गाडी आपल्या फाटकासमोरून जाते आणि तशीच परत येते, हे आयव्हीबाईंनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी पिकर्सगिलसाहेबांना फोन केला.

“बाळा, त्या बाई माझ्याकडे कधी येणार?”

“तुमच्याकडे कशा येतील? तुमची हरकतच नाही ना.”

“घेतली तर येतात?”

“घेतली तर यावंच लागतं.”

“मग घेते. केक कुठला चालतो त्यांना?”

हरकत घ्यायलाही कारण लागतं, आणि कायद्यानं ते एकच दिलं आहे. जनतेचं हित आणि मालकाचं हित यांत योग्य समतोल साधलेला नाही, असं दाखवावं लागतं. आयव्हीबाईंनी दोन संध्याकाळी विचार केला आणि स्वच्छ अक्षरात कळवलं, की समतोल मुळीच साधलेला नाही. सगळी जनता हॅवरगिल आणि गॅरड यांच्या वाट्याला आणि माझ्या वाट्याला एकही माणूस नाही, हा माझ्यावर अन्याय आहे. सबब माझी हरकत आहे की पायवाट माझ्या बागेतून जात नाही.

खात्याच्या वकिलांनी यातली चूक शोधायचा बराच प्रयत्न केला. ती सापडली नाही.

मिस फॅनशॉ आल्या. नोकरीची बावीस वर्षं ज्यांच्याकडे पाहून लोकांनी फाटकं लावून घेतली होती, त्या बाईंसाठी कुणीतरी फाटकाला धरून उभं होतं. त्या सकाळी आल्या आणि दिवेलागणीला परत गेल्या. मधल्या वेळात त्यांनी जिऱ्याच्या चवीचा केक तीनदा घेतला, वॉल्टरचे फोटो पाहिले, आपली आई कशी वारली ते सांगितलं आणि थोड्या रडल्या. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘जागेची सविस्तर पाहणी केली.’

निकाल लागला. हरकतदारांचं ऐकून घेण्यात सरकार कुठेही कमी पडलेलं नव्हतं. क्रिस्पिनची शांतता अबाधित राहावी म्हणून पायवाट त्याच्या हद्दीमागे नेण्यात आली. त्याला एक न्याय आणि मला दुसरा का, असं गॅरडनं विचारल्यावर त्याच्याही मागे नेण्यात आली. मागे दलदल होती. तिथल्या पक्ष्यांनी हरकत घेतलेली नव्हती, पण दलदलीची मालकी असलेल्या तीन संस्थांनी त्यांच्या वतीनं घेतली. तेव्हा पायवाट आणखी मागे सरकली आणि हमरस्त्याच्या कडेनं, टायरांच्या गोदामावरून, सांडपाण्याच्या पंपघराला वळसा घालून पुढे निघाली. या मार्गावरून समुद्र दिसत नसला तरी वारा अनुकूल असताना त्याचा वास येतो, असं अहवालात नमूद आहे. पंपघराचा उल्लेख वेगळ्या पानावर आहे.

आणि आयव्ही थर्केटल यांची हरकत पूर्णतः मान्य करण्यात आली. तिला विरोध करणारं कुणीच नव्हतं. शिवाय किनारपथाचा काही भाग किनाऱ्यावर असल्यास योजनेच्या नावाला आधार मिळेल, असं मंत्रालयाचं मत पडलं.

आता बागेतला तुकडा उरलेल्या पायवाटेला जोडायचा कसा? दोन्ही बाजूंना तर रस्ता नव्हता. पिकर्सगिलसाहेबांनी त्यावर तोडगा काढला. चालणाऱ्यानं हमरस्ता सोडायचा, हेरिंग लेनमधून खाली यायचं, आयव्हीबाईंच्या फाटकातून आत शिरून घेवडा आणि कपडे यांच्या मधून शेवटच्या बाकापर्यंत जायचं, समुद्र बघायचा आणि आल्या वाटेनं परत फिरायचं. नकाशावर तो भाग कुणीतरी जीभ काढून दाखवावी तसा दिसतो.

लोक आले. सकाळपासून ट्रकांच्या धुरळ्यात किनारा शोधत चाललेल्या माणसाला अचानक समोर समुद्र दिसला तर तो काय करील? तो बसतो. बूट काढतो. जवळ कुणी असेल तर बोलतो. आणि जवळ आयव्हीबाई असत, हातात किटली घेऊन. लेस्टरचा एक निवृत्त दंतवैद्य त्यांना मांडव बांधायला मदत करून गेला. एक डच जोडपं पाऊस आला म्हणून आत आलं आणि रात्रीचं जेवून गेलं. चालणाऱ्यांना अडचण नको म्हणून आयव्हीबाई सकाळीच धुणं आटपू लागल्या. केस सेट करून घेऊ लागल्या. कोण कुठून आलं, कुणाची मुलगी कुठल्या परीक्षेला बसलीय, हे त्यांना पाठ असे. क्रिस्पिनच्या मौन-निवासातले पाहुणेसुद्धा दुपारी कुंपणाच्या फटीतून येऊन मनसोक्त बोलून जात. ते कळल्यावर क्रिस्पिननं पायवाट आपल्याच जमिनीवरून न्यावी असा अर्ज केला. पुढच्या आढाव्यात विचार होईल, असं त्याला कळवण्यात आलं. पुढचा आढावा कधी, यावर अजून विचार चालू आहे.

एवढ्यावर हे सगळं गोडीगुलाबीनं संपलं असतं. पण ही सगळी जनता हेरिंग लेनमधून ये-जा करत होती आणि हेरिंग लेनमध्ये आम्ही राहत होतो.

जनता आमच्या दारांसमोर गाड्या लावू लागली. जनतेबरोबर कुत्री होती. जनता बुटांचा चिखल आमच्या पायरीवर खरवडत होती आणि आमच्या खिडक्यांतून आत बघत होती. खिडक्यांत निळे फलक होते, त्यामुळे काही लोक थांबून हसून हातही करत. फिलिपा एटवेलनं सभा बोलावली.

“आपण चालणाऱ्यांच्या विरोधात अजिबात नाही,” ती म्हणाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. “किनारा सगळ्यांचाच आहे.” आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. “फक्त त्यांनी तिथे दुसरीकडून जावं.” या वेळी टाळ्या फार जोरात वाजल्या.

हरकतीचा मसुदा एकमतानं तयार झाला. पिकर्सगिलसाहेबांनी तो अदबीनं परत पाठवला. हरकत फक्त जमीनमालकालाच घेता येते आणि आमच्याकडे किनाऱ्यावर वीतभरही जमीन नाही. सदर तुकड्याच्या बाबतीत हरकत घेऊ शकेल अशी एकच व्यक्ती आहे.

तेव्हा मसुद्यावर सही घ्यायला आयव्हीबाईंकडे शिष्टमंडळ न्यायचं ठरलं. गुरुवारी दुपारी आम्ही सहा जण गेलो. फाटक कोणत्या बाजूला उघडतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे थोडी ढकलाढकल झाली. आयव्हीबाईंनी सगळ्यांना बसवलं, चहा दिला आणि फिलिपाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“खरंय गं तुझं,” त्या म्हणाल्या. “त्रास होत असणार. पण मला जरा नीट वाचू दे. तुम्ही परत या ना पुढच्या गुरुवारी.”

आम्ही परत गेलो. त्यांना दुसऱ्या परिच्छेदातला एक शब्द खटकत होता. तो बदलून तिसऱ्या गुरुवारी गेलो, तेव्हा आधीचाच बरा होता असं त्यांना वाटू लागलं होतं. चौथ्या वेळी चष्मा सापडेना, म्हणून आम्ही बागेत, बाहेर, बाकाखाली शोधला, आणि शोधता शोधता फिलिपाला आणि मला पहिल्यांदाच कळलं की वॉल्टर उत्तम अकॉर्डियन वाजवत असे. आमच्यापासून नऊ घरं सोडून. पाचव्या गुरुवारी फिलिपानं स्वतः केलेला केक नेला. काम लवकर व्हावं एवढाच त्यामागे हेतू होता.

असं होता होता हिवाळा आला. चालणारे कमी झाले, आमची शिष्टमंडळं मात्र चालूच होती. शेवटी एका गुरुवारी फिलिपाचा धीर सुटला.

“आयव्ही, आता कागदात काही म्हणजे काही राहिलेलं नाही. तुम्ही सही का करत नाही, ते एकदा स्पष्ट सांगून टाका.”

आयव्हीबाई तिच्या कपात चहा ओतत होत्या. कप भरून त्यांनी किटली खाली ठेवली.

“सही केली की तुम्ही यायचं बंद कराल,” त्या म्हणाल्या.

आम्ही सगळेच एकदम “छे छे, भलतंच काय!” असं म्हणालो, आणि घड्याळाकडे पाहिलं.