नऊ पर्सा आणि पंचवीस गाळणी

पर्सांचा संग्रह करायचा मनात असेल तर आधी मला विचारा! दुकानदाराला विचारू नका, तो विकायलाच बसलाय. नवऱ्याला तर मुळीच विचारू नका, त्याच्या मते पर्स म्हणजे झाकण असलेली पिशवी. मला विचारा. अख्ख्या पार्ले पूर्वेत, निदान आमच्या बिल्डिंगीत तरी, पर्सांमधलं माझ्याइतकं कोणाला कळत नाही, असं मी गेल्या संक्रांतीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे.

तेव्हा माझ्याकडे आठ पर्सा होत्या. आठ! एक इटलीची. दुसरी पॅरिसची, ती फोर्टातल्या फुटपाथवर घेतली हे खरं, पण विकणाऱ्यानं ती पॅरिसचीच म्हणून आईची शपथ घेतली होती. एक चुलतदिरानं दुबईहून आणलेली पांढरीशुभ्र. एक चंदेरी, जिच्यात रुमाल ठेवला तर किल्ली मावत नसे. बाकीच्याही अशाच, एकीपेक्षा एक!

नवशिक्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. चांगली पर्स वापरायची नसते. अंधेरीला ऑफिसला जाताना मी रेक्झिनची काळी पिशवीच नेत असे. तिच्यात डबा, छत्री, विणकाम आणि येताना कोथिंबीर. चांगल्या पर्सा मात्र वर्तमानपत्राचे बोळे भरून, डांबराच्या गोळ्या घालून कपाटात. पण कपाटात ठेवलेला संग्रह आणि नसलेला संग्रह यात फरक काय? कोणीतरी बघायला नको? तर त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी माझा संग्रह बघावा, असं मी ठरवलं. म्हणजे मी दाखवणार नाही. त्यांना तो सहज दिसेल.

बेत साधा होता. हळदीकुंकवाचा पाट आतल्या खोलीत मांडायचा आणि पलंगावर सगळ्या पर्सा, जणू मी आत्ताच कपाट आवरायला काढलंय. रंगीत तालीम करून पाहिली. तीन-तीनच्या ओळी छान दिसत होत्या, पण शेवटच्या ओळीत दोनच! हसऱ्या तोंडातला पडलेला दात दिसावा तशी ती जागा दिसत होती.

नववी पर्स कुठून आणायची? आणि इथेच माझी बुद्धी फिरली.

आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्क सुलक्षणा मॅडम. त्यांची लेक अनुपमा मस्कतला नर्स आहे. तिनं पहिल्या पगारातून आईला पर्स पाठवली होती, मरून रंगाची, सोनेरी खटक्याची. खटका असा घट्ट, की बंद केला की मुंगीसुद्धा आत शिरणार नाही! मॅडम ती रोज आणत, जेवणाच्या सुट्टीत पदरानं पुसत आणि पुन्हा टेबलाच्या खणात ठेवत. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, मुलुंडला एक लग्न आहे. एक दिवस द्याल?"

मॅडमनी पर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "नेतेस तर ने गं. पण पुढच्या रविवारी अनुपमा सुट्टीवर येतेय. दीड वर्षानं! सहारला, विमानतळावर तिला घ्यायला जाताना माझ्या हातात हीच पर्स पाहिजे हां."

"सोमवारी टेबलावर असेल, मॅडम!"

आता वाण. वाण म्हणून मी पंचवीस स्टीलची चहाची गाळणी आणली होती. गाळणी पलंगावर होती, पण पर्सांना जागा हवी, म्हणून तो खोका मी पलंगाखाली सरकवला. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगायला हवी होती. नाही सांगितली! आदल्या दिवशीच मी त्यांना म्हटलं होतं, "आई, वाण पलंगावर ठेवलंय. येईल तिला एकेक द्या."

सासूबाई, म्हणजे कृष्णाबाई, कणकवलीजवळच्या गावाहून महिनाभरासाठी आल्या होत्या. सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करायचं, हा त्यांचा बाणा.

रविवारी पाच वाजता बायका यायला लागल्या. आणि नेमकं माझं मसाला दूध खाली लागायला लागलं! मी ओट्याशी पाठमोरी उभी, हातात डाव. आत सासूबाई कुंकू लावतायत, तिळगूळ देतायत, वाण लुटतायत. जाणाऱ्या बायका उंबऱ्यातून मला हाका मारत होत्या.

"वहिनी, कमाल केलीत! असं वाण पार्ल्यात कोणी दिलं नसेल!"

"अहो, त्यात काय," मी न वळता म्हणाले, "रोजच्या वापरातली वस्तू."

"रोजच्या? छे हो! मी तर लग्नकार्यालाच काढणार!"

लग्नाला गाळणं? असेल बाई, पंक्तीत चहा करत असतील! मी म्हटलं, "जपून कशाला ठेवता? वापरा. आणि वापरून झालं की राखेनं खसाखसा घासायचं आणि उकळत्या पाण्यातून काढायचं. नव्यासारखं राहतं."

 पलीकडून "बरं," एवढंच ऐकू आलं.

आणखी एक आली. "वहिनी, मला चंदेरी मिळाली!"

"सगळी चंदेरीच आहेत," मी म्हटलं.

दहावी बाई आत गेली आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. चेहऱ्यावर समाधान ओसंडत होतं. "गो उत्तरा, वाण सोपला! आणखी खंय ठेवलंस?"

"संपलं? पंचवीस होती!"

"खंयची पंचवीस? नऊच होती. मोजून नऊ जणींक दिलंय."

नऊ हा आकडा ऐकून माझ्या हातातला डाव दुधात पडला. मी आत धावले. पलंगावर फक्त चादर! तीन-तीनच्या ओळींच्या जागी नऊ खळगे आणि एक डांबराची गोळी. पाटावरची दहावी बाई पदर पसरून आशेनं माझ्याकडे बघत होती. मी पलंगाखाली वाकले, खोका ओढला आणि तिच्या पदरात गाळणं घातलं. त्या बाईचा चेहरा असा पडला, की तिला दोन गाळणी द्यावीशी वाटली!

बायका गेल्यावर मी सासूबाईंसमोर बसले. रडायचं की ओरडायचं ते ठरत नव्हतं.

"आई, त्या माझ्या पर्सा होत्या!"

"माका काय ठावक? तूच सांगलंस, पलंगार वाण आसा म्हणान. माका वाटला, सून नोकरी करता, हात सढळ आसा."

"आता त्या परत कशा मागू?"

सासूबाईंनी हात कानाला लावले. "वाण परत मागतत? सवाशणीच्या हातातला? इतक्या वर्सांत आमच्या घरात असा कोणी करूक नाय!"

ते खरंच होतं. आठ पर्सांवर मी तिथल्या तिथे पाणी सोडलं. पण नववी माझी नव्हती हो! आठवड्यानं एक मुलगी विमानातून उतरणार होती आणि तिच्या आईचे हात रिकामे असणार होते. 

आमचे हे, चंद्रप्रकाश, साडेआठला घरी आले. सगळं ऐकून शांतपणे पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, "चला, निदान झोपायला जागा झाली."

सोमवारी मॅडमना मी सांगितलं, "लग्नघरी राहिली, मुलुंडला." एकदा मुलुंडला खोटं लग्न लावलं की त्याची वरात आपल्यालाच काढावी लागते.

मरून पर्स कोणाला दिली? सासूबाईंनी आठवून सांगितलं, "ती खालची, हसता ती." म्हणजे तळमजल्यावरची शेवंती. मंगळवारी मी तिच्याकडे गेले. मागायची नाही, नुसती बघायची, आणि बघता बघता अदलाबदलीचं काढायचं असं ठरवलं होतं.

"शेवंती, ती मरून पर्स बघू गं जरा!"

शेवंती लाजली. "खरं सांगू? रागावू नकोस हां. एवढी झकास पर्स घेऊन मी जाणार कुठे? रेशनला? काल माझ्याकडे हळदीकुंकू होतं ना, सुंदराबाईला दिली."

"कोण सुंदराबाई?"

"अगं, आपली मासेवाली! वेसाव्याची. मी तिला दर वर्षी बोलावते. एवढी खूश झाली म्हणून सांगू! पर्स काखेला लावून टोपली डोक्यावर घेऊन गेली."

वाणाचं हे असंच. आपल्याकडे आलेलं वाण आपण पुढे सरकवतो आणि रथसप्तमीपर्यंत कुंकवाचे करंडे, आरसे, प्लॅस्टिकचे डबे गावभर फिरत राहतात. मीही सरकवलेत. कोणाला उगाच कशाला नावं ठेवू?

बुधवारी सुंदराबाई बाजारात नाही. गुरुवारीही नाही! ऑफिसात मॅडम मला विचारत, "मुलुंडहून आली का गं?" आणि मी म्हणे, "निघालीय, मॅडम." पर्स नव्हे, जणू बैलगाडीच निघाली होती.

शुक्रवारी सकाळी सुंदराबाई सापडली. समोर पापलेटं, हातात कोयता, कानात बुगड्या.

"ती पर्स? व्हती ना! लय भारी. तिचा खटका असा कडक, उंदराच्या बापाला उघडायचा नाय! म्हणून मी तिच्यात सुके बोंबील ठेवले."

"बोंबील?"

"चार दीस. एकाला पण उंदीर लागला नाय!"

मी टोपलीच्या कडेवर हात टेकला. "आता कुठाय ती?"

"काल आमच्याकडं हलदीकुंकू झाला. बोंबील काढले, झाडली आणि दिली एका बाईला. अंधेरीची हाय, चश्मेवाली, माझं जुनं गिऱ्हाईक. पापलेट बघून घेते, पन भाव करत नाय. लय सोन्यासारखी बाय!"

अंधेरीत चष्मेवाल्या बायका किती, ते मोजायला जनगणनावालेच बोलवायला हवेत. वाट लागली! मी घरी आले आणि ठरवलं, उद्या शनिवार, मॅडमना सगळं सांगायचं.

शनिवारी मी मॅडमच्या टेबलाशी गेले तर मॅडमचे डोळे सुजलेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी खणातून एक पर्स काढून टेबलावर ठेवली. मरून. सोनेरी खटक्याची! वासानं पलीकडच्या टाइपिस्टनं नाकाला रुमाल लावला.

"उत्तरा, ही बघ. परवा वेसाव्याला हळदीकुंकवाला गेले होते, तिथं वाण म्हणून मिळाली. अगदी माझ्यासारखी. रेघ न् रेघ तीच."

"मॅडम..."

"वाणात लुटतात म्हणजे घाऊकच मिळत असणार ना? इथेच कुठेतरी. म्हणजे पोरीनं इथल्याच कोणाला तरी सांगून मला धाडली." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मला पर्सचं काही नाही गं. पण पोरगी म्हणाली, पहिल्या पगारातून मस्कतला घेतली. तिला पगारच मिळत नसेल का? तिथं बरं चाललंय म्हणून लिहिते, ते सगळं असंच असेल का? दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये."

आता सांगा, अशा वेळी मुलुंडचं लग्न कुठवर ताणायचं? मी तिथल्या तिथे सगळं ओकले. पलंग, तीन ओळी, सासूबाई, शेवंती, बोंबील, सगळं! शेवटी म्हटलं, "तुमच्या अनुपमानं खोटं नाही सांगितलं, मॅडम. खोटं मी सांगितलं. ही तीच पर्स आहे."

मॅडमनी पर्स उघडली. आतल्या कप्प्यात बोट घालून एक घडी केलेला कागद बाहेर काढला. लेकीची चिठ्ठी! पहिल्यापासून तिथेच होती. त्यांनी ती वाचली, पुन्हा घडी केली आणि मग अशा हसायला लागल्या, की साहेब केबिनमधून डोकावले.

"म्हणजे माझीच पर्स मला वाणात मिळाली!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "पण उत्तरा, उद्या सकाळी तू माझ्याबरोबर सहारला यायचंस. हा वास अनुपमाला तू समजावून सांगायचास. मी नाही सांगणार."

शिक्षा रास्तच होती. मी रात्रभर माफी पाठ केली. "अनुपमा, मी तुझी फार मोठी अपराधी आहे" अशी सुरुवात होती. सकाळी सात वाजता आम्ही दोघी बाहेरच्या कठड्याशी उभ्या. मॅडमच्या हातात पर्स. रात्रभर तिला लिंबू, पावडर आणि उदबत्तीचा धूर दिला होता, त्यामुळे आता तिला देवळात तळलेल्या बोंबलाचा वास येत होता. आजूबाजूला चांगली हातभर जागा मोकळी झाली होती!

अनुपमा ढकलगाडी ढकलत आली आणि आईच्या गळ्यात पडली. मी घसा खाकरला. "अनुपमा, मी तुझी फार मोठी..."

तिनं मान वर केली, हवेत हुंगलं. पर्स आईच्या हातातून घेतली, उघडली आणि सरळ तोंड आत घातलं! बाहेर काढलं तेव्हा डोळ्यांत पाणी.

"आई! बोंबील! दीड वर्ष झालं गं वास घेऊन! घरी केलेस ना? चल लवकर!"

दोघी मायलेकी टॅक्सीकडे धावल्या. माझी माफी कठड्याशी तशीच उभी. मी मागून धावत गेले आणि काहीतरी द्यायला हवं म्हणून पिशवीतून जे हाताला लागलं ते खिडकीतून अनुपमाच्या ओंजळीत ठेवलं. गाळणं!

माझा संग्रह तुम्हाला बघायचा असेल तर रोज संध्याकाळी पार्ल्याच्या बाजारात या. इटलीच्या पर्समध्ये मेथी असते, पॅरिसच्या पर्समधून पडवळ डोकावत असतं, आणि दुबईची पांढरी पर्स कोणीतरी खरोखरच राख लावून घासलीय. सगळ्याजणी मला बघून प्रेमानं हाक मारतात, "वहिनी, यंदा पर्स! पुढच्या वर्षी काय हो?"

नवशिक्यांना माझा एकच सल्ला आहे. संग्रह करायचाच असेल तर गाळण्यांचा करा. माझ्याकडे अजून नऊ उरलीत, आणि ती पलंगाखालीच आहेत.