मामांच्या बॅटवरची सही

इगतपुरीच्या पावसात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे बॅटवरची सही कुठली टिकायला, असं म्हणत धोंडीरामने सासऱ्यांची बॅट नाशिकला स्वतःच्या घरी आणली. सही शंभर वर्षं टिकवून दाखवतो, असं तो सगळ्या पाहुण्यांदेखत बोलून बसला होता.

सासरे सावळीराम, ज्यांना तो मामा म्हणायचा, रेल्वेत गार्ड होते. रेल्वेच्या संघातल्या डावखुऱ्या वाल्मीक काळेने शतक ठोकलं, त्या दिवशी मैदानावरच त्यांनी बॅटवर सही घेतली होती. ती पाहिल्याशिवाय त्यांच्या घरून कुणी चहा पिऊन परत गेलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला. इगतपुरीत रेल्वेच्या जुन्या क्रिकेटवेड्यांचा सत्कार होता आणि त्यासाठी रविवारी दुपारच्या पॅसेंजरने ते बॅट न्यायला येणार होते. मामांनी बघत राहावं, अशी बॅट हातात द्यायची, असं धोंडीरामने ठरवलं. रविवारी सकाळी दारांना लावून उरलेलं व्हार्निश काढून त्याने सहीवरून ब्रश फिरवला.

सही हलली. आधी वेलांटी वाकली, मग अख्खा वाल्मीक काळे निळ्या ओघळासारखा हँडलकडे निघाला. धोंडीरामने फडक्याने पुसलं, तर निळाई पसरली. थिनर लावलं, तर ती लाकडात मुरली. शेवटी पॉलिश पेपर घेऊन तो घाशीतच सुटला. हात थांबला तेव्हा बॅट दुकानातून आणल्यासारखी कोरी होती.

त्याची बायको सरिता कणकेच्या हातांनीच बाहेर आली. तूच तशी सही कर, असं त्याने तिला विनवलं. बाबांना त्या सहीचं वळण न् वळण पाठ आहे, असं सांगून तिने हात वर केले. पण काळे आता देवळालीत राहतात, हे तिला आठवलं.

बॅट पायांशी धरून धोंडीरामने स्कूटर देवळालीकडे पिटाळली, तर रेल्वेचं फाटक बंद. समोरून पॅसेंजर हळूहळू जाऊ लागली आणि एका खिडकीत पांढरी टोपी दिसली. मामाच! त्याने बॅट शर्टाखाली कोंबली आणि मान खाली घातली.

काळे ओसरीवर शेंगा सोलत होते. सगळं ऐकून ते खो खो हसले आणि आतून जाड मार्कर मागवला.

"नाव काय तुमचं?"

"धोंडीराम," तो बोलून गेला. चूक ध्यानात येईतो लिहून झालं होतं: 'प्रिय धोंडीरामास, सप्रेम. वाल्मीक काळे.'

घरी मामा खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा लावला, बॅट खिडकीच्या उजेडात धरली आणि पुन्हा पुन्हा वाचली. सरिता चहाच्या कपाकडे बघत राहिली. धोंडीरामने व्हार्निशपासून फाटकापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

मामांनी बॅट मांडीवर आडवी घेतली. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि 'प्रिय'च्या पुढे, वरच्या अंगाला, बारीक अक्षरात लिहिलं: 'सावळीरामचे जावई'.

"सत्काराला तुम्हीही चला, जावईबापू," ते म्हणाले. "स्टेजवर बॅट तुम्हीच धरायची. आणि जुनी सही कुठं गेली म्हणून कुणी विचारलं, तर माइकवर सांगायचंही तुम्हीच."