एकबैली खिंड रुंद केली त्याची हकीकत

डोंगर ज्याने उभे केले आणि उभे करता करता एके ठिकाणी हात आखडता घेतला, त्या परमेश्वरास प्रथम नमन. शके सोळाशे पंचावन्न, प्रमादी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यास ठाऊक आहे त्यास सांगणे नलगे, आणि ज्यास ठाऊक नाही त्यास नाव कळोन उपयोग नाही. ते समयी आम्ही दरबारी चिटणिशीत कारकून होतो, हकीकत डोळियांनी पाहिली आणि काही हातांनी केली, म्हणोन लिहितो.

त्या राज्याचे दोन प्रांत होते, एक वरचा आणि एक तळीचा, आणि मध्ये चाळीस कोस डोंगराची भिंत, तीस एकच फट. तीस एकबैली खिंड म्हणत, कारण लादलेला बैल जाई तेव्हा पाठीवरच्या दोन्ही गोण्या दोहींकडील कातळास घासत, आणि दुसरा बैल समोरून आला तर कोणी मागे सरावे हा प्रश्न पडे. आधी तेथून सांबरे गेली, मग सांबरांचे मागे गुरे गेली, मग गुरांचे मागे गुराखी गेले, आणि मग लमाणांचे तांडे मीठ, सुकट, नारळ घेऊन वर येऊ लागले आणि जोंधळा, गूळ, मिरची घेऊन खाली जाऊ लागले. तांडा एका दिवसात जेथवर चाले तेथे तेथे विहीर जाहली, विहिरीपाशी धर्मशाळा, धर्मशाळेपाशी बाजार, आणि चार वाटा जेथे खिंडीकडे वळोन एक होत तेथे शहर जाहले, तीच राजधानी. ती महाराजांचे पणजोबांनी वसविली ऐसे भाट गातात. भाटांस गाण्याबद्दल शिधा मिळतो, आम्हांस तो मिळत नाही, तेव्हा खरे लिहितो की राजधानी खिंडीने वसविली, पणजोबा मागाहून येऊन गादीवर बसले.

खिंडीची राखण एका कोळियाचे घराण्याकडे पिढीजात होती, आणि ते समयी त्या घरात ठमाई म्हणोन विधवा बाई होती, वय पन्नाशीचे, कान सशाचे. ती वरच्या कातळावर बसे, खालून चढणाऱ्या तांड्याचे म्होरक्या बैलाची घंटा ऐके आणि वरच्यांस थांबवी. नेम ऐसा की चढत्या भारास वाट, उतरत्यास उसंत, मग उतरता कोणीही असो. या नेमावर कधी तंटा जाहला नाही, आणि खिंडवाडीची चाळीस घरे तांड्यांचे वैरणपाण्यावर सुखे नांदत होती.

तो मार्गशीर्षात महाराज समुद्रस्नानास निघाले. हत्ती अलीकडे ठेवोन महाराज पालखीतून खिंडीपाशी आले आणि ठमाईने हात आडवा केला, कारण खालून खेमा नाईक लमाणाचे सहाशे बैल मीठ घेऊन चढत होते. कारभारी त्र्यंबक नरहर याचे डोके भडकले, परंतु महाराज हसोन पालखीतून उतरले, दगडावर बसले, ठमाईने नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी पुढे केली ती खाल्ली, आणखी मागोन घेतली, आणि दोन प्रहर बैल मोजीत बसले. आम्ही महाराजांस दरबारात इतके आनंदात कधी पाहिले नव्हते. शेवटचा बैल वर आला तेव्हा महाराजांनी जांभई देऊन म्हटले की, खिंड हातभर रुंद असती तर एव्हाना खाली पोहोचलो असतो. इतके बोलोन पालखीत बसले आणि पुढे विसरले. मनुष्य उन्हात बसला म्हणजे काही तरी बोलतोच. परंतु राजाचे बोलणे जमिनीवर पडू द्यावयाचे नाही ऐसी दरबाराची रीत, त्यामुळे त्र्यंबकपंतांनी आम्हांकडे पाहिले आणि आम्ही कलमदान उघडिले.

मुक्कामी पोहोचल्यावर त्र्यंबकपंत म्हणाले की, हातभर हे महाराजांचे विनयाचे बोलणे, महाराजांचे इतमामास हातभर शोभत नाही, अंबारीचा हत्ती गेला पाहिजे. आम्ही विचारिले की किती लिहू, तर ते म्हणाले बारा हात. आम्ही बारा हात लिहिले. अक्षर आमचे चांगले होते, त्याचा आम्हांस गर्वही होता. शिक्का कारभाऱ्यांपाशीच असे, तो उमटला आणि हुकूम जाहला.

हुकूम खिंडवाडीस पोहोचला तेव्हा ठमाई तीन दिवस चालोन राजधानीस आली आणि कचेरीचे ओट्यावर बसोन राहिली. महाराजांची भेट मागितली, ती मिळाली नाही; महाराज विश्रांतीस आहेत ऐसे सांगितले, आणि महाराज ते समयी बागेत पतंग उडवीत होते. मग त्र्यंबकपंतांसमोर तिला उभी केली. तिने सांगितले की खिंडीचा उजवा कातळ नुसता कातळ नव्हे, वरची सगळी माती आणि सुटा दगड त्याचे खांद्यावर टेकला आहे. पावसात त्यास कान लाविला म्हणजे आत खडी सरकताना ऐकू येते, आणि तो आहे म्हणोन खडी तेथेच थांबते. पंत म्हणाले की, बाई, तुझी राखणदारी जाईल म्हणोन तू हे सांगतेस. तेव्हा ती म्हणाली की राखणदारी आजच घ्या आणि कातळ ठेवा. पंत म्हणाले की हुकूम महाराजांचे मुखातला आहे, त्यास कारभारीही बांधील. मग ती आम्हांकडे वळली.

"दादा, तुमी व्हता की तितं. म्हाराज काय म्हनाले त्ये तुमी ऐकलंय. सांगा की यास्नी."

आम्ही दौतीत बोरू बुडविला. दौत भरलेली होती, बोरूही भिजलेला होता, तरी बुडविला. पंत आमचेकडे पाहात होते आणि आमची बढती त्या महिन्यात व्हावयाची होती. ठमाईने थोडा वेळ वाट पाहिली, मग पदर खोचला आणि आल्या वाटेने गेली. बढती जाहली.

माघ मासी पिराजी बेलदार सुरुंग घेऊन गेला. तोही जाणता होता, त्याने कातळास हात लावोन पाहिला आणि दोन दिवस काम धरिले नाही, परंतु हुकमाचा कागद दाखविला तेव्हा त्याने कातळाची पूजा केली, क्षमा मागितली आणि बत्ती दिली. चैत्रापर्यंत खिंड बारा हात रुंद जाहली. मग मोठा समारंभ जाहला, तोरणे बांधली, आणि महाराज अंबारीत बसोन खिंडीतून पलीकडे गेले. पलीकडे उतार ऐसा उभा की हत्ती पाऊल टाकीना, म्हणोन तेथूनच वळोन माघारे आले. इतक्यासाठीच सर्व केले होते. महाराजांस वाटले की हे पंतांचे चातुर्य, म्हणोन पंतांस शालजोडी दिली. आणि तांडे दोन्हीकडून एकाच वेळी जाऊ लागले, थांबणे सरले, जो तो पंतांची तारीफ करू लागला, आणि राखणदारीची गरज नाही म्हणोन ठमाईचे वतन खालसा केले. पहिला पावसाळा निभावला. आम्हांसही वाटले की बाई उगीच भ्याली. खोटे कशास लिहू, तसे वाटले तेव्हा मनास बरे वाटले.

दुसरे पावसाळ्यात, श्रावण वद्यात, सात दिवस झड लागली आणि आठवे दिवशी दोन प्रहरी डोंगराची उजवी बाजू उतरली. पावसाचे दिवस, वाट बंद, तांडे नाहीत, म्हणोन मनुष्य मेले नाही, एवढीच दया. परंतु खिंड तळापासोन वरपर्यंत भरली, आणि चाळीस कोसांचे भिंतीस जी एक फट होती तीही बुजली. आश्विनात माणसे लाविली, तर एक पाटी काढावी आणि वरून दोन याव्या. वरचे प्रांतात मीठ मिळेना. बाळंतिणी अळणी जेवू लागल्या, गुरे भिंती चाटू लागली. मग खेमा नाईकाने उत्तरेस तीस कोसांवर, शेजारचे राज्यात, एक दुसरी खिंड शोधिली. चढ अवघड, पाणी लांब, परंतु वाट ती वाट. तांडे तिकडे वळले.

महाराजांनी तेव्हा विचारिले की कातळ कोणाचे हुकमाने फोडिला. पंतांनी हात जोडोन सांगितले की आपलेच. महाराजांनी कागद मागविला, वाचिला, आणि पुन्हा वाचिला.

"हे आम्ही म्हणालो?"

 आम्ही पुढे जाऊन म्हणालो की, महाराज हातभर म्हणाले होते, आणि तेही जांभई देता देता. महाराजांनी विचारिले की मग बारा हात कोणी लिहिले; आम्ही सांगितले की लिहिले मी. महाराजांनी विचारिले की ती बाई सांगावयास आली तेव्हा तू होतास काय. आम्ही सांगितले की होतो. आम्हांस वाटले की हात तोडतील, आणि तोडिते तर एका परी बरे होते. महाराज इतकेच म्हणाले की, "आमच्याशी बोलावयास तुम्हां लोकांस इतके भय वाटते, हे आम्हांस कोणी सांगितले नाही." मग पंतांस घरी बसविले आणि आम्हांस खिंडीवर पाठविले, की खिंड मोकळी होईल तोवर तेथेच राहावे.

तेथे सहा वर्षे राहिलो. पहिले दिवशी ठमाईचे दारी जाऊन उभे राहिलो. तिने आत बोलाविले, भाकरी वाढली, आणि त्या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही. बोलती तर सोपे गेले असते. खालून खणू नका, आधी वरचा भार उतरवा, हे तिनेच दाखविले, आणि कोणता दगड हलवावा, कोणता तसाच ठेवावा, ते कान लावोन ती सांगे. वाडीची चाळीस घरे होती त्यातील माणसे वर्षावर्षास उत्तरेचे खिंडीकडे पोट भरावयास गेली, शेवटी नऊ घरे राहिली. तरी ती म्हणे की वाट मोकळी जाहली म्हणजे तांडे येतील आणि वाडी भरेल. आम्हीही तेच म्हणो. तिची सगळी आशा त्या एका गोष्टीवर होती, आणि आमचीही.

सहावे वर्षी, मार्गशीर्षात, खिंड मोकळी जाहली. रुंदी पूर्वीचीच, एका बैलापुरती. त्याहून अधिक डोंगराने दिली नाही. महाराज स्वतः आले. खेमा नाईकास सांगावा गेला होता की तांडा आणावा, आणि सर्व मंडळी सकाळपासोन खिंडीचे खालचे तोंडाशी उभी होती. तिसरे प्रहरी खालून एक घंटा वाजली. ठमाईने मान वळविली आणि म्हणाली की येकलाच हाय. खरेच एकच बैल आला, मिठाच्या दोन गोण्या लादलेला, आणि पुढे म्हातारा खेमा नाईक दावे दोन्ही हातांनी ओढीत होता, घामाने भिजला होता. महाराजांनी विचारिले की नाईक, तांडा कोठे आहे. नाईकाने दावे सोडिले, मुजरा केला आणि बोलिला:

"महाराज, तांडा न्हाई येत. तिकडं विहिरी झाल्या, बाजार भरतो, पोरांनी घरं बांधली. मी तुमच्यासाठी ह्यो एक आनला. ह्यो बी येत नव्हता. पायथ्यापासनं ओढत आनला."

बैल खिंडीचे तोंडाशी उभा होता आणि आत पाऊल टाकीत नव्हता. सरदारांपैकी कोणी चाबूक उगारिला. ठमाई मध्ये गेली आणि बैलाचे नाकपुडीवर हात ठेविला.

"मारू नगा त्याला. त्याचा काय दोस? त्याच्या म्होरं हितनं कुनी चाललंच न्हाई."

मग तिने दावे हाती घेतले आणि आपण पुढे चालू लागली, तेव्हा तो तिचे मागे हळूहळू खिंडीतून पार जाहला. महाराज मागे उभे राहोन पाहात होते. त्या वर्षी दुसरा बैल आला नाही, पुढील वर्षीही नाही.

तात्पर्य, खिंड आजही मोकळी आहे, ज्यास पाहणे असेल त्याने पाहावी. राजधानीत अर्धे बाजार ओस पडले, धर्मशाळांत वटवाघळे राहातात, आणि भाट आता शेजारचे राज्यात गातात. पंत वारले, महाराजही वारले. ठमाई चार वर्षांपूर्वी गेली, तिची तिरडी उचलावयास वाडीत पुरेशी माणसे नव्हती म्हणोन आम्हीही खांदा दिला. एक वाक्य बोलावयाचे होते ते कचेरीत ठमाईने विचारिले त्या दिवशी बोललो नाही, म्हणोन इतके लिहावे लागले. येथे बोरू खाली ठेविला.