रकाना आठवा

कुमुदताई देवरुखकर बेचाळीस वर्षं डाव्या खांद्यातून धुमसत होत्या आणि गल्लीत त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. उलट संध्याकाळी ओट्यावर बायका मुद्दाम त्यांना खेटून बसत, कारण तिथे डास फिरकत नसत. त्यांचे यजमान चिंतामणराव, पोस्टातून निवृत्त झालेले, थंडीत सकाळी पेपर वाचता वाचता त्या खांद्यावर हात शेकून घेत. धूर कशाचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. शेक मिळतोय ना, मग कशाला उगाच चौकशी, असा माणूस.

मग नगरपालिकेने धुमसणाऱ्या व्यक्तींची नोंदणी सक्तीची केली. अग्निशमन दलाचे खैरमोडे साहेब फॉर्म घेऊन आले, चहा प्यायले आणि आठव्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले की इथे धुमसण्याचं कारण लिहायचं, तेही कुटुंबप्रमुखाने स्वतः आठवून, स्वतःच्या अक्षरात. गुरुवारपर्यंत रकाना भरला तर वर्षाचा परवाना मिळेल. रिकामा राहिला तर बंब येईल आणि बाईंना विझवून जाईल.

समोरच्या सरूकाकूंना गेल्या महिन्यात विझवलं होतं. दुखलंखुपलं काही नाही, पण तेव्हापासून त्या प्रत्येक गोष्टीला 'चालेल' म्हणत. आमटी खारट झाली, चालेल. सुनेने त्यांचं कपाट विकून टाकलं, चालेल. एके काळी या बाईच्या आवाजाने भाजीवाला गल्ली चुकवून जायचा. आपली कुमुद अशी झाली तर घरात बोलायचं कुणाशी, या विचाराने चिंतामणरावांना जेवण जाईना.

त्यांनी सरळ बायकोलाच विचारलं. कुमुदताई घेवडा निवडत होत्या. तुमचं तुम्ही आठवा, एवढंच म्हणून त्या पुन्हा शिरा काढू लागल्या.

मग ते आठवायला बसले. तुझ्या भावाच्या लग्नात मला ताप आल्याचं सांगितलं होतं, तो ताप नव्हता, त्याचं का? हे कुमुदताईंना माहीतच नव्हतं. धूर दाट झाला. तुझी मोरपंखी पैठणी माझ्या बहिणीने इस्त्री करताना जाळली, कसर लागली म्हणून मीच सांगितलं, त्याचं का? तेही त्यांना आत्ताच कळत होतं. बुधवारपर्यंत घरात सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवाव्या लागल्या. काय म्हणावं या माणसाला! बेचाळीस वर्षं गप्प बसला होता तेच बरं होतं.

गुरुवारी सकाळी कोपऱ्यावर बंबाची घंटा वाजली, आणि ती घंटा ऐकताच चिंतामणरावांना आठवलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघरात स्टोव्ह भडकला होता. पडदा पेटला, तेव्हाही अशीच घंटा वाजवत बंब आला होता. त्याआधीच ते रेडिओ काखोटीला मारून बाहेर धावले होते. तो ओट्यावर नीट ठेवला, वर पंचा टाकला, आणि मग बायकोला आणायला आत गेले.

"रेडिओ दाराजवळ होता गं," ते म्हणाले.

"मीही दाराजवळच होते," कुमुदताई म्हणाल्या.

चिंतामणरावांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी चष्मा लावला आणि आठव्या रकान्यात लिहिलं, 'आगीत मी आधी रेडिओ बाहेर काढला.' मग पेन खाली ठेवून म्हणाले, "चुकलो मी, कुमुद."

खैरमोडे साहेबांनी रकाना वाचला आणि रेडिओ अजून वाजतो का ते विचारून घेतलं. वाजत होता. तशी नोंद केली. परवाना द्यायला हरकत नाही म्हणाले, पण त्याआधी प्रात्यक्षिक व्हायला हवं. शिट्टी वाजली की घरातून जे सर्वांत आधी वाचवायचं ते कुटुंबप्रमुखाने उंबऱ्याबाहेर आणायचं. बंब बाहेर उभा होताच. साहेबांनी घड्याळ काढलं आणि शिट्टी वाजवली.

चिंतामणरावांनी रेडिओच्या फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एकाहत्तराव्या वर्षी कुमुदताईंना दोन्ही हातांवर उचललं. सदऱ्याची कॉलर करपली. चार पावलं गेले, गुडघ्याने दगा दिला, आणि ते बायकोला मांडीवर घेऊन उंबऱ्यावरच बसले.

"अहो, तुमची कंबर," कुमुदताई म्हणाल्या.

"असू दे."

उंबरा आत धरायचा की बाहेर, हे नियमात कुठेच नव्हतं. खैरमोडे साहेबांनी बराच विचार केला. मग लागलेल्या वेळेच्या पुढे त्यांनी लिहिलं, बेचाळीस वर्षे, अकरा सेकंद. त्याखाली लिहिलं, धूर किरकोळ.

बंब आलाच आहे, तर उरलेलं विझवून देऊ का, असं निघताना त्यांनी विचारलं.

कुमुदताईंनी आपल्या कमरेभोवती अजून तसेच असलेले नवऱ्याचे हात पाहिले. हात गारठले होते.

"राहू दे थोडं," त्या म्हणाल्या. "पुढे थंडी आहे."