बोपचे गुरुजींचं चिलट

लाखनीत ग्रीक येणारा माणूस एकच होता, आणि त्यालाही एकच शब्द यायचा. कोनोप्स.

बोपचे गुरुजी आमच्या शाळेत भूगोल शिकवत. तरुणपणी एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे त्यांनी ग्रीकची शिकवणी लावली होती. तेविसाव्या दिवशी पाद्रीबाबांची बदली झाली.

"कोनोप्स म्हणजे चिलट," ते मला सांगत. "पण घरातलं नाही. द्राक्षाच्या दारूत पडते, ते. येशूच्या काळचे शास्त्री दारू गाळून चिलट काढत, अन् उंट तसाच गिळत. समजलं का तुले?"

समजायला अवघड नव्हतं. आमचे हेडमास्तर नखं वाढलेल्या पोरांना उन्हात उभं करीत आणि शाळेच्या सागवानाचा स्वतःसाठी पलंग करून घेत. गुरुजी एवढंच म्हणत, "कोनोप्स."

आणीबाणी उठली त्या वर्षी तपासणीला साहेब आले. सातवीचं छप्पर अर्धं उडालेलं. साहेबांनी मात्र हजेरीपटातल्या एका तिरप्या शिक्क्यावरून अर्धा तास झापलं. गुरुजी उठून म्हणाले, "साहेब, हे कोनोप्स होऊन राहिलं."

अज्ञान दाखवणं साहेबांना परवडणारं नव्हतं. त्यांनी शेरा मारला : 'शाळेत कोनोप्स आढळले. बंदोबस्त करावा.' पंधरा दिवसांनी हिवतापवाले आले आणि उरलेल्या छपराखाली फवारा मारून गेले.

गुरुजी एकटेच राहत. बायको वारलेली. मुलगी शांता नाकाडोंगरीला, खाणीत कामाला असलेल्या नवऱ्यासोबत. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत गुरुजी तिकडे फिरकले नव्हते. एकदा मी धीर करून विचारलं, "जावई कसा आहे, गुरुजी?"

"सोन्यासारखा. बिडीसुद्धा पीत नाही म्हणतात."

"मग जात नाही काहून?"

"जात वेगळी आहे न त्याची," ते म्हणाले. घंटा झाली तरी उठले नाहीत.

रविवारी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून माझ्या दारात उभे. "चाल माझ्यासंगं. एकट्यानं पाय उचलत नाही."

आम्ही पोचलो तेव्हा शांता अंगण झाडत होती. तिनं बापाकडे पाहिलं, झाडू ठेवला आणि आत गेली. गुरुजी मागे वळले. मग मला म्हणाले, "चाल, वापस जाऊ."

"बाबा," आतून आवाज आला, "भात मांडून राहिली मी. मऊ करू का? दात आहेत का अजून?"

"समोरचे गेले," गुरुजी म्हणाले, आणि चपला काढून ओसरीवर बसले.