भोंगाकाकांच्या केबिनमधली बाई

"एका महिन्यात! फक्त एका महिन्यात या गाडीतळावरचा एकही ड्रायव्हर जांभई देताना दिसणार नाही!"

माल चढवायच्या ओट्यावर उभे राहून मालकांचे जावई गरजले, आणि त्याच क्षणी समोर बसलेल्या अकरा ड्रायव्हरांपैकी सातांनी जांभई दिली. उरलेल्यांपैकी तिघांनी दिली नाही, कारण ते आधीच झोपलेले होते.

पण जावईबापू हटणारे नव्हते. त्यांनी खोक्यातून एक यंत्र काढलं. साबणाच्या वडीएवढं. त्याला एक डोळा, एक स्पीकर, आणि सोबत मनगटाला बांधायचा काळा पट्टा. पट्टा नाडी मोजणार, डोळा पापण्यांवर नजर ठेवणार, आणि दोघं मिळून ड्रायव्हरच्या ताणाचा आकडा काढणार. शून्य म्हणजे पाळण्यातलं बाळ. शंभर म्हणजे उतारावर ब्रेक गेलेला माणूस.

"आणि आकडा साठच्या वर गेला," जावईबापूंनी आवाज हळुवार केला, "की यंत्रातून तुमच्या घरच्या माणसाचा आवाज येईल! मायेचा! तो ऐकला की ताण कुठल्या कुठे!"

"घरच्या म्हणजे कुणाच्या?" मागून भोंगाकाकांनी विचारलं.

"तुमच्या मिसेसच्या, काका!"

भोंगाकाकांच्या मनगटावर नमुन्यादाखल बांधलेला पट्टा तिथल्या तिथे लाल झाला.

भोंगाकाका हा तळावरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. सव्वीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नाही. पण स्वभाव असा, की सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच यांचा हॉर्न सुरू! एकदा तर समोर चिटपाखरू नसताना त्यांनी पाव मैल हॉर्न वाजवला होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "येईल कुणीतरी!" डॉक्टरांनी त्यांना तिखट, मीठ आणि राग अशा तीन गोष्टी बंद सांगितल्या होत्या. पहिल्या दोन त्यांनी कमी केल्या होत्या.

पहिल्या आठवड्यात नुसते आकडे मोजले. भोंगाकाकांची सरासरी आली ब्याऐंशी. यंत्र बिघडलंय असं समजून जावईबापूंनी ते दोनदा बदललं.

मग त्यांनी जाहीर केलं, "महिनाअखेरीला ज्याचा आकडा सगळ्यात कमी, त्याला नवी गाडी!"

नवी गाडी तळावर येऊन उभीच होती. गार हवेची केबिन, मागे पाय पसरून झोपता येईल असा बिछाना, आणि लोण्यासारखी सीट! भोंगाकाकांच्या जुन्या सीटमध्ये एक स्प्रिंग होती. तिच्याशी त्यांचं नऊ वर्षांचं वैर होतं. नवी गाडी त्यांनी तीनदा प्रदक्षिणा घालून पाहिली आणि सुस्कारा सोडला. ब्याऐंशीवाल्याला कोण देतंय!

रेकॉर्डिंग घरच्यांनी मोबाईलवर करून ऑफिसला पाठवायचं होतं. काका बाहेरगावी खेपेवर असताना काकूंचा फोन आला.

"अहो, झालं बरं का माझं! चांगलं वीस मिनिटांचं केलंय. काही राहून जायला नको."

"वीस मिनिटं? अगं, बोललीस तरी काय?"

"नेहमीचंच. तळलेलं खाऊ नका. ओला टॉवेल सीटवर टाकू नका. नळाचा वॉशर आणा. माझ्या भावाशी फोनवर नीट बोला..."

काकांनी डोळे मिटले. काकूंचा आवाज तसा खणखणीत. स्वयंपाकघरातून बोलल्या तरी चौथ्या घरातला माणूस "आलो!" म्हणायचा. तो आवाज आता केबिनमध्ये, कानापासून हातभर अंतरावर!

दुसऱ्याच दिवशी एक चिमुकली मोटार काकांच्या पुढ्यात घुसली. काकांचा हात हॉर्नकडे गेला. आकडा एकाहत्तर! यंत्र खरखरलं. काकांनी खांदे आखडून घेतले.

"दमलास ना रे राजा?" यंत्र म्हणालं. "ये. बस जरा इथे. एवढी कसली घाई? कुणी मागे लागलंय का? शहाणं गं माझं ते!"

आवाज कसला, उन्हात तापवलेली दुलईच! काकांचा हात हॉर्नवरून आपोआप खाली आला. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, सीटच्या मागेही पाहिलं. मग गाडी कडेला घेतली, पाणी प्याले, आणि पाच मिनिटं झाडाकडे बघत बसले. झाडाकडे! परत रस्त्यावर आल्यावर त्यांनी तीन गाड्यांना हाताने "जा बाबा पुढे" केलं. तिसरा ड्रायव्हर इतका घाबरला, की वळणापर्यंत मागे वळून वळून बघत होता.

पण ही बाई कोण?

आपली नव्हे, हे उघड होतं. इतक्या वर्षांत तिने आपल्याला कधी "अरे" म्हटलं नव्हतं, मग राजा कुठला! शिवाय वॉशरचं नावसुद्धा नाही. म्हणजे ऑफिसने अदलाबदल केली. दुसऱ्याच कुणाची तरी बायको आपल्या गाडीत बसवली! काकांनी उरलेली दहाही घरं डोळ्यांसमोर आणली आणि त्यांचा संशय नवरदेवावर स्थिरावला. नवरदेव म्हणजे तळावरचा सगळ्यात तरुण ड्रायव्हर. लग्नाला तीन महिने झालेले. त्याची बायको त्याला सगळ्यांदेखत "अरे, डबा विसरलास!" म्हणाली होती. तीच ही! मग काकूंची वीस मिनिटं त्या पोराच्या गाडीत वाजत असणार. अरेरे!

"उद्या ऑफिसला सांगून टाकू," काका मनाशी म्हणाले. उद्या उजाडल्यावर म्हणाले, परवा. आठवडा गेला आणि आकडा एकतीसवर आला.

जावईबापूंनी थेट काकूंना फोन केला. "काकू, तुमच्या आवाजात जादू आहे जादू!"

काकू क्षणभर काही बोलल्याच नाहीत. हे त्यांच्या बाबतीत प्रथमच घडत होतं. आजवर त्यांचा आवाज चढला की शेजारच्या खिडक्या बंद व्हायच्या. आता त्याच खिडक्यांतून बायका विचारू लागल्या, "अहो, आमच्या ह्यांच्यासाठीही चार शब्द बोला ना!" काकूंनी ही बातमी वाण्याला सांगितली, शिंप्याला सांगितली, चुकून लागलेल्या एका फोनवरच्या अनोळखी माणसालाही सांगितली.

आणि मग सूचना लागली. महिनाअखेरीला तळावर समारंभ! सगळे सहकुटुंब या! विजेत्याच्या मिसेसचा सत्कार! आणि त्यांचा तो जादूचा आवाज प्रत्यक्ष लाऊडस्पीकरवर!

सूचना वाचून काका ओट्यावर बसले ते दोन माणसांनी उठवल्यावरच उठले. अख्ख्या तळासमोर, काकूंच्या देखत, आपल्या यंत्रातून परक्या बाईने आपल्याला राजा म्हणायचं!

आता एकच उपाय होता. जिंकायचंच नाही! काका कामाला लागले. वजनकाट्यावरच्या माणसाशी विनाकारण भांडले. लागोपाठ सहा काळे चहा प्याले. मुद्दाम मेहुण्याचा चेहरा आठवला. आकडा चढू लागला. अठ्ठावन्न... एकोणसाठ... शाबास!... एकसष्ट—

"दमलास ना रे राजा?"

अठ्ठावीस!

ताण वाढवायला जावं तर बाई यायची, आणि बाई आली की ताण जायचा! काकांनी कानांत कापूस घातला. अर्ध्या तासाने स्वतःच काढला. करमेना.

शेवटी त्यांनी डिझेल भरताना नवरदेवाला गाठलं.

"काय रे, तुझ्या यंत्रातून काय ऐकू येतं?"

"बायकोचा आवाज, काका."

"नक्की तुझ्याच?"

"काका!"

"तसं नव्हे रे. नळाच्या वॉशरबद्दल काही बोलते का?"

"वॉशर?"

"बरं, ते राहू दे. तुला राजा म्हणते का?"

नवरदेवाचे कान लाल झाले. "तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, आवाज फार गोड आहे रे तिचा, म्हणून आपलं—"

"तुम्ही कधी ऐकलात?"

काकांनी घाईने डिझेलची नळी टाकीत आणखी आत खुपसली. टाकी भरून वाहायला लागली तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. दुपारपर्यंत ही गोष्ट तळभर झाली, आणि काका घरी पोचायच्या आत घरी पोचली.

"लोकांच्या बायकांचे आवाज गोड लागतात म्हणे!" काकूंनी चहाचा कप असा ठेवला, की बशी कपाच्या आधी टेबलावर आदळली.

काकांनी मुकाट्याने घोट घेतला. "चहा पातळ का गं एवढा?"

"विषय बदलू नका! दूधच तसं येतं. साय म्हणून धरत नाही. दूधवाला पाणी घालतो."

दूधवाल्याशी काका दर खेपेनंतर भांडत आले होते. त्यालाही नऊ वर्षं झाली होती. समोरच्या खुर्चीवर घरचा बोका पसरला होता. खुर्चीत मावत नव्हता, म्हणून त्याची एक बाजू बाहेर लोंबत होती.

समारंभाच्या सकाळी काकांनी मनाचा हिय्या केला. काकू आरशासमोर उभ्या होत्या. नवी चप्पल घरातच घालून बघत होत्या.

"अगं, ऐक ना. ते यंत्र आहे ना, त्यात जरा—"

"ही चप्पल बरी दिसते ना हो?" काकू आरशातूनच म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. "कालचं ते राहू दे आता. इतक्या लोकांत माझा आवाज लावणार! आजवर सगळ्यांनी गप्प बसायलाच सांगितलं मला. नीट येईल ना तो?"

"छान येईल," काका म्हणाले आणि बाहेर जाऊन बोक्याकडे बघत उभे राहिले.

तळावर खुर्च्या मांडल्या होत्या. ओट्यावर मोठा पडदा, त्यावर काकांच्या पट्ट्याचा आकडा सगळ्यांना दिसेल असा, आणि यंत्र थेट लाऊडस्पीकरला जोडलेलं. काका ओट्यावर, काकू पुढच्या रांगेत, गुच्छ मांडीवर घेऊन. मागच्या रांगेत नवरदेव, बायकोला जवळजवळ पाठीमागे लपवून.

"पहिला आठवडा सोडून महिन्याची सरासरी चौतीस!" जावईबापू ओरडले. टाळ्या पडल्या. पडद्यावरचा आकडा मात्र पंचाऐंशी... नव्वद... सत्त्याण्णव! "बघा, बघा! आपल्याला दाखवण्यासाठी काका मुद्दाम ताण वाढवताहेत! याला म्हणतात सहकार्य!"

लाऊडस्पीकर खरखरला. काकांनी डोळे मिटले.

"दमलास ना रे राजा? ये. बस जरा इथे..."

आणि काकांच्या मनात नसताना, भर संकटात, आकडा खाली येऊ लागला! सत्तर... पन्नास... चौतीस! माना एकेक करून मागच्या रांगेकडे वळल्या.

"माझा नाही हो हा!" नवरदेवाची बायको उभी राहिली. "माझा कुठे एवढा मऊ!"

"नाहीच मुळी!" नवरदेव इतक्या घाईने म्हणाला, की तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेत गुच्छ खाली पडला.

"अगंबाई!" काकूंचा हात तोंडावर. "हे तर मी बोक्याला म्हणत होते!"

उलगडा जावईबापूंनी केला. यंत्र फार हुशार. मिळालेल्या रेकॉर्डिंगमधला सगळ्यात शांत तुकडा ते स्वतःच निवडतं. काकू वॉशर, टॉवेल, भाऊ सगळं बोलून झाल्यावर मोबाईल बंद करायला विसरल्या होत्या, आणि तेव्हाच बोका बाहेरून भटकून आला होता. वीस मिनिटांत यंत्राला शांत असं तेवढंच सापडलं!

काकांना आनंदाने भान राहिलं नाही. "म्हणजे तूच? अगं, हा तुझा आवाज?"

"म्हणजे?" काकू हळूच म्हणाल्या. "महिनाभर तुम्हाला कुणाचा वाटत होता?"

नव्याण्णव!

"दमलास ना रे राजा?" लाऊडस्पीकर मदतीला धावला. पण या वेळी आकडा तसूभर हलेना. आणि पहिल्या तुकड्याने ताण उतरला नाही, तर पुढचा तुकडा लावायचा, एवढी हुशारीही यंत्रात होती.

"पी, पी, सगळं पी. साय तुझ्यासाठीच काढून ठेवलीय. ते यायच्या आत संपव हं. त्यांना काय, सांगेन मी, दूधवाला पाणी घालतो म्हणून!"

काका सावकाश काकूंकडे वळले. काकू चपलेकडे बघू लागल्या. खांदे मात्र हलत होते. रडताहेत की काय, म्हणून काका घाईने ओट्यावरून उतरले, तर बाईसाहेब हसत होत्या! मग काकांनाही राहवेना. पडद्यावरचा आकडा त्या दिवशी बावीसपर्यंत उतरला.

नवी गाडी काकांनाच मिळाली. काकूंनी झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून खास त्यांच्यासाठी नवं रेकॉर्डिंग केलं. कागदावर लिहून, घसा साफ करून. "अहो, आपण दमला असाल. कृपया विश्रांती घ्यावी." ते ऐकून पहिल्याच दिवशी काकांचा आकडा ब्याऐंशी झाला. त्यांनी ऑफिसला जाऊन हात जोडले आणि बोक्याचंच परत लावून घेतलं. दूधवाल्याची माफी मागायची अजून राहिली आहे. तो दिसला, की काका गल्लीचं दुसरं टोक धरतात.

परवा काका चार दिवसांची खेप करून घरी आले आणि खुर्चीत टेकले. शेजारच्या खुर्चीत बोका होताच. इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून, अगदी खालच्या सुरात, हाक आली, "दमलास ना रे राजा? ये."

दोघेही उठले.

बोका आधी पोचला.